वडिलांच्या पश्चात

द्राक्षबागेतून गंधकाचा वास आला की मला ती मुलाखत आठवते. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठीचा निबंध मी आदल्या वर्षी ती मिळालेल्या मुलीच्या वहीतून उतरवला होता. ‘वडिलांच्या पश्चात आईने मला शिकवले’ हे तिचं वाक्य मला भारदस्त वाटलं. वडील कामावर गेल्यावर, असा मी त्याचा अर्थ लावला होता. नाशिकच्या त्या खोलीत चष्मेवाल्या बाईंनी हळूच विचारलं, “वडील कधी वारले गं?” वडील बाहेर बाकावर बसले होते, दिंडोरीच्या मळ्यात गंधक मारून तसेच आलेले. खोटं लिहिलं म्हणून अर्ज फाडतील, या भीतीने मी मान खाली घातली. “सोबत कोण आलंय?” बाईंनी विचारलं. मी म्हणाले, “मामा.” शिपायाने दारातून हाक मारली, “मुलीचे मामा, आत या.” बराच वेळ कोणी उठलं नाही. मग गंधकाचा वास आत आला आणि वडिलांनी हात जोडले. बाई म्हणाल्या, “बाप नाही पोरीला, तुम्ही पाठीशी राहा.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. “हाय ना मी,” ते म्हणाले. शिष्यवृत्ती मिळाली. घरी ते त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. आता ते खरंच नाहीत, आणि ‘पश्चात’ हा शब्द मला लिहवत नाही.