सातच्या पाण्यात आठ

तपासल्याशिवाय मीटरवर भरवसा ठेवायचा नाही, हा त्यांचा खाक्या. कारखान्यातल्या बॉयलरची मापकं बत्तीस वर्षं त्यांनीच जुळवली. कुणी टंगळमंगळ केली की सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढायचे.

निवृत्त झाल्यावर बैठकीत खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी आली. तिच्यात मासे आणि जिवंत प्रवाळ. प्रवाळाला वाढायला कॅल्शियम लागतं, म्हणून टाकीखाली रिअ‍ॅक्टर बसवला: चुनखडीच्या खड्यांनी भरलेली उभी नळी, तिच्यात सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. वायूने नळीतलं पाणी आंबट होतं, खडे विरघळतात आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत पडतं. नळीतल्या पाण्याचा पीएच (जितका कमी, तितकं पाणी आंबट) साडेसहाच्या खाली गेला की तिथला मीटर वायू बंद करतो. पाहुण्यांना तो आकडा दाखवताना त्यांची छाती फुगायची.

त्या सकाळी ते दाढी करत होते. बायकोने हाक मारली.

"अहो, मासे वर येऊन धापा टाकतायत!"

"मीटर किती दाखवतोय?"

"साडेसहा. पण तुम्ही आधी माशांकडे बघा ना!"

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून ते धावले. प्रवाळ आक्रसून गेले होते. नळीतल्या खड्यांचा पार चिखल झाला होता.  त्यांनी आधी वायू बंद केला. बायकोने भराभर खिडक्या उघडल्या, हवेचा पंप पाण्यात सोडला.

मीटरची कांडी त्यांनी तपासणीच्या द्रावणात बुडवली. बाटलीवर छापलं होतं, सात. मीटर म्हणाला, आठ. कांडी पुसून पुन्हा बुडवली. आठच. म्हणजे नळीत खरा आकडा साडेपाच होता!



"शेवटचा कधी तपासला होता?" बायकोने हळूच विचारलं.

बसवला त्या दिवशी. दीड वर्ष झालं होतं. 

मासे वाचले. फांद्या असलेल्या दोन प्रवाळांची मात्र साल सुटून पांढरा सांगाडा उरला. बाकीचे नवव्या दिवशी जरा उमलले. तोवर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

मेहुणा भेटायला आला. म्हणाला, "भावजी, मशीनचं काय, बिघडतंच कधीतरी."

"पण मशीन तपासायचं काम कुणाचं होतं?" ते म्हणाले, आणि टाकीत पाणी घालायला उठले.