जावयाचं विमान आणि कड्यावरची सासू

कवळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती बरीच वर्षं काम करत होती, म्हणून कड्यावरच्या मंडळींनी तिला ते चिकटवलं. कारखाना तरी कसला, दोन खोल्या. एकीत प्लास्टरचे जबडे फळीवर ओळीने सुकत ठेवलेले, दुसरीत तिचं टेबल, स्पिरिटचा दिवा आणि गुलाबी मेण. दिवसभर मान खाली घालून परक्यांच्या हिरड्या कोरायच्या आणि संध्याकाळी आखडलेली बोटं मोडत घरी जायचं, असा तिचा क्रम होता.

मग शेजारच्या इमारतीत भिंतीवर चढायला शिकवणारा एक हॉल सुरू झाला. तिकडे माणसं वरून गादीवर धप्पकन पडत आणि इकडे फळीवरचे जबडे थंडी वाजल्यासारखे कुडकुडत. एका दुपारी अख्खी बत्तिशी खाली पडून फुटली, तशी कवळीताई पदर खोचून भांडायला गेली. तिथला शिकवणारा शांतपणे म्हणाला, "ताई, एकदा चढून बघा. मग हवं तेवढं ओरडा."

ती हट्टाने चढली. वर पोचली, खाली बघितलं आणि पालीसारखी भिंतीला चिकटून बसली. शेवटी शिडी आणून तिला उतरवावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती परत गेली, पण भांडायला नाही. भिंत चढताना डोक्यात एकाही माणसाचा जबडा येत नाही, हे तिला कळलं होतं.

ही रोज संध्याकाळी जाते तरी कुठे, ते बघायला तिची थोरली जाऊ तिच्या मागोमाग आली. जाऊबाई अंगापिंडाने भरभक्कम. त्यांना दारात बघताच शिकवणाऱ्याचा चेहरा उजळला. चढणाऱ्याचा दोर खालून धरायला असंच जमिनीला धरून उभं राहणारं माणूस लागतं. झालं, जोडी जमली. "जिच्याशी मी जन्मभर दुधाच्या पातेल्यावरून भांडले," कवळीताई सांगायची, "तिच्याच हातात आता माझा जीव. आणि खरं सांगू? घट्ट धरतात हो."

रविवारी दोघी गावाबाहेरच्या खऱ्या कड्यावर जात. तिथे त्यांची भाषा दोन शब्दांची. वरून कवळीताई ओरडली, "आवळा!" की जाऊबाई दोर ताणून धरणार. "सोडा!" म्हटलं की ढील देणार. एवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं.

पुढे कड्यावर गर्दी वाढली. आधी आला बगळा. हा उंच, सडपातळ पोरगा, एका कड्यापासून समोरच्या कड्यापर्यंत पट्टा बांधायचा आणि हात पसरून त्यावरून चालायचा. कमरेला दोरी असे, पडला तर लोंबकळे. त्याला शांतता लागायची. कुणी खाली शिंकलं तरी वरून "शूऽऽ" यायचं. चढणाऱ्यांची तक्रार अशी, की तो पट्टा बांधायला कड्याच्या माथ्यावरच्या लोखंडी कड्या वापरतो. त्या कड्या चढणाऱ्यांच्या. वर पोचल्यावर त्यांतून दोर ओवायचा आणि खाली उतरायचं. पण वर पोचून बघावं, तर कड्यांत बगळ्याचं बिऱ्हाड!

"माझं चालणं म्हणजे ध्यान आहे," बगळा म्हणायचा.

"मग घरी बसून कर की," जाऊबाई म्हणायच्या.

त्यानंतर आले ड्रोन उडवणारे. त्यांचं ते यंत्र भुंग्यासारखं गुणगुणत कानाशी यायचं, मग चढणाऱ्याला खालचं ऐकू येईना, खालच्याला वरचं. चढणारे बगळ्यावर चिडलेले, बगळा ड्रोनवर चिडलेला आणि ड्रोनवाल्यांचं म्हणणं, आभाळ काय कुणाच्या बापाचं आहे?

या भांडणात कवळीताई सगळ्यांत पुढे होती. आपल्या कारखान्यातून आणलेल्या दात कोरायच्या सुईने एकदा ड्रोन टोचून पाडीन, असं ती जाहीरपणे म्हणाली होती. आणि नेमका पुढच्या रविवारी तिचा जावई ड्रोन घेऊन आला.

जावई भला माणूस. चष्म्याच्या दुकानात नोकरी, बोलणं हळू, वागणं पुस्तकासारखं. लग्नाला चार वर्षं झाली तरी सासूच्या घरी आला की खुर्चीच्या काठावर बसायचा. कवळीताईही त्याला "अहो", "आपण", "बसा ना" याशिवाय हाक मारत नसे. दोघं समोरासमोर आले की हॉटेलच्या काउंटरवर दोन मॅनेजर उभे असल्यासारखं वाटे. सासूबाईंना काहीतरी आवडेल असं करावं, म्हणून त्याने हे यंत्र घेतलं होतं. शिवाय आपला जुना फोन त्याच्या पोटाला बांधला होता, आणि खालून दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल लावून ठेवला होता, म्हणजे उडत उडत सासूबाईंशी बोलता येईल.

आता जावयाला तोंडावर कसं बोलणार? कवळीताई कडा चढू लागली. त्या दिवशी तिने जी वाट धरली होती, ती तिला आजवर जमली नव्हती. माथ्याच्या जरा खाली एक बोजड फुगवटा होता, तिथे ती दर वेळी अडकायची. त्या दिवशी ती फुगवटा ओलांडून गेली आणि वरच्या खिळ्यात दोर अडकवला. "आवळा!" ओरडून तिने दोरावर भार टाकला आणि दम खात बसली.

तेवढ्यात कानाशी गुणगुण आली, आणि ड्रोन बोलला.

"आई, नमस्कार."

"नमस्कार," कवळीताई धापा टाकत म्हणाली. "आपण जरा लांबून उडता का?"

पलीकडे पट्ट्याच्या मध्यावर उभ्या असलेल्या बगळ्याने हे ऐकलं. ड्रोनला "आपण" म्हणणारी बाई त्याने पहिल्यांदाच बघितली. त्याचा तोल डळमळला.

"आई, फार छान दिसताय. जरा हसा."

"हसतेय," ती दात-ओठ खात म्हणाली.

"आता एक हात सोडा आणि टाटा करा. सोडा, आई! सोडा!"

खाली जाऊबाईंना गुणगुणीतून एकच शब्द स्पष्ट ऐकू आला. त्यांनी इमानदारीने दोर सोडला.

कवळीताई पुरुषभर खाली घसरली आणि फुगवट्याच्या खाली जाऊन हिंदकळली. जाऊबाईंनी लगेच दोर धरला, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण तिच्या आत चार वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"अरे गाढवाऽऽ!" तिचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला. "अक्कल गहाण टाकलीस का रे? वर मी लटकलेय आणि तू मला टाटा करायला सांगतोस? पळ इथून, नाहीतर खाली येऊन कान उपटीन!"

जावयाचा अंगठा सटकला. ड्रोन आडवा पळाला तो थेट बगळ्याच्या पट्ट्यात. ध्यानस्थ बगळा "आई गं!" म्हणत पडला आणि कमरेच्या दोरीला उलटा लोंबू लागला. ड्रोनचे पंखे पट्ट्यात अडकून थांबले. पोटाला बांधलेला फोन मात्र चालू होता.

 पट्ट्यावरून हळूच आवाज आला, "आई, तुम्ही मला गाढव म्हणालात?"

"म्हणाले!"

"आणि अरे-तुरे केलंत?"

"केलं! पुन्हा करीन!"

 आता हा रडणार की काय, असं तिला वाटून गेलं. पण तिला तो फुगवटा पुन्हा चढायचा होता, त्यामुळे हळवं व्हायला वेळ नव्हता. रागाच्या भरात ती तो असा चढली, की खाली उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. माथ्यावर पोचून बघते तर काय, दोन्ही लोखंडी कड्यांत बगळ्याच्या कप्प्या आणि गाठी. दोर ओवायला बोटभर जागा नाही.

"बगळ्या, हे तुझं सामान काढ!"

"काढलं तर मी खाली जाईन!" बगळा उलटाच ओरडला.

"मग आधी सुलटा हो! ते यंत्र सोडव आणि इकडे ये."

बगळ्याने धडपडत पट्टा पकडला, ड्रोन सोडवून शर्टात कोंबला आणि पट्ट्याला लोंबकळत हाताहाताने सरकू लागला. वाऱ्यामुळे माथ्यावरचं खाली ऐकू जात नव्हतं, म्हणून बगळ्याच्या शर्टातला जावईच निरोप्या झाला. "काकू, आई म्हणतायत दोर आवळून ठेवा." "आई, काकू म्हणतायत सावकाश, अंडी उकडून आणलीत." मध्येच मुलीचाही आवाज आला. ती नवऱ्याला शोधत कड्याखाली पोचली होती. "आईला विचार, एवढं ओरडायला काय झालं? रस्त्यापर्यंत ऐकू आलं!"

"तुझा नवरा झाला!" कवळीताईने उत्तर दिलं, आणि बगळा इतका हसला की पुन्हा पडता पडता वाचला.

अखेर बगळा माथ्यावर पोचला. पट्टा सोडून त्याने कड्या मोकळ्या केल्या आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, खरंच अडचण होते, नाही?"

"आत्ता कळलं?"

खाली उतरल्यावर ती जावयासमोर उभी राहिली. रागाची जागा आता लाजेने घेतली होती. "अहो, रागाच्या भरात तोंडातून गेलं," ती म्हणाली. "आपण मनावर घेऊ नका."

जावयाचा चेहरा पडला. "परत अहो?"

"म्हणजे?"

"आई, चार वर्षं तुम्ही मला पाहुण्यासारखं वागवताय. बायकोला शंभरदा म्हटलं, तुझ्या आईला मी आवडत नाही. आज पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं."

 कवळीताईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मग उभा काय राहिलास? अंडी सोल."

त्याने अंडी सोलली. ड्रोनने अडकण्याआधी टिपलेला तिचा फोटोही दाखवला, तोंड पूर्ण उघडं, गाढव म्हणतानाचा. तिने तो धंद्याच्या नजरेने न्याहाळला आणि वरचा सुळा झिजल्याचं तिच्या लक्षात आलं.

पुढे बगळ्याने बाजूच्या खडकात स्वतःच्या कड्या ठोकल्या. ड्रोन जेवणानंतरच उडवायचे, असं ठरलं. कधी कुणी ते मोडतं, मग वाद होतो आणि जाऊबाई मधे उभ्या राहिल्या की मिटतो. आणि "सोडा" हा शब्द त्या कड्यावरून कायमचा बाद झाला. त्याऐवजी काय म्हणायचं यावर बरीच चर्चा झाली. चुकूनही कुणाच्या तोंडी येणार नाही असा शब्द हवा होता. जाऊबाईंनी सुचवला, तोच सगळ्यांनी उचलला. आता रविवारी तिथे नवीन कुणी गेलं तर गोंधळून जातं, कारण कड्यावर जागोजागी चिकटलेली शहाणीसुरती माणसं जिवाच्या आकांताने ओरडत असतात, "भोपळाऽऽ!"