नावाखालची ओळ

बंगळुरात मल्लेश्वरमच्या एका अरुंद दुकानात कोर्टाचे अर्ज टाइप करणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. टाइप करताना त्या प्रत्येक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणतात. निकालाची प्रत हातात आली की शेवटचं पान आधी उघडतात. "निकाल इथं असतो गं, बाकी सगळं भाषण."

मुलीच्या कागदपत्रांवर एकट्या आईची सही चालावी, म्हणून मी हायकोर्टात गेले. नवरा सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. अर्जात बाईच्या नावाखाली 'अमक्याची बायको' असं लिहायचा रिवाज आहे. तिथं अक्कांचे हात थांबले.

"स्वल्प थांब. तुझ्या आईचं नाव काय?"

मी सांगितलं. त्यांनी 'सुमनची मुलगी' असं टाइप केलं. मला उगाच धीर आला.

चौथ्या दिवशी कोर्टाच्या कचेरीतून अर्ज आक्षेप लागून परत आला. नवऱ्याचं नाव घाला, म्हणे. "सरी, बरं," एवढंच बोलून अक्कांनी ते घातलं. त्या वेळी मात्र त्यांचे ओठ हलले नाहीत.

दोन वर्षांनी निकाल माझ्या बाजूनं लागला. आईला आई असायला कुणाची परवानगी लागत नाही, असं त्यात लिहिलं होतं. प्रत घेऊन मी धावतच दुकानात गेले. अक्कांनी शेवटचं पान उघडलंच नाही. पहिल्या पानावर माझ्या नावाखालच्या ओळीत नवऱ्याच्या नावावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा कुठं असतो गं आता?"

"माहीत नाही, अक्का."