वरच्या काकांची डबलसीट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यात एकही वस्तू विकत घेतलेली नाही. प्रत्येक वस्तू त्यांनी दत्तक घेतली आहे. आधी तिच्या कुळाची चौकशी, मग तिच्या गुणदोषांवर चारचौघांचं मत, मग पुन्हा पुन्हा दुकानात जाऊन तिला नुसतं बघून येणं, आणि एवढं सगळं झाल्यावर "घाई नको" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. टोस्टर घ्यायचा होता तेव्हा ते दुकानात इतक्या वेळा जाऊन आले, की एका शनिवारी एका जर्मन बाईंनी त्यांनाच विक्रेता समजून दोन टोस्टरांमधला फरक विचारला. काकांनी तो इतका मन लावून समजावला की बाईंनी टोस्टर घेतला, शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनीही घेतला, आणि काका रिकाम्या हातांनी घरी आले. सोफ्याच्या वेळी तर "सोफ्यावर माणूस बसत नसते, झोपते" या सिद्धांताला जागून त्यांनी दुकानातच ताणून दिली. काकू समोरच्या खुर्चीत मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. शेवटी विक्रेत्या बाई येऊन हळूच विचारून गेल्या, की दुकान बंद करायची वेळ झाली, यांना उठवायचं का. काकूंना याचं काही नवल नाही. "मला बघायला आले होते," त्या सांगतात, "आणि होकार कळवायला इतका वेळ लावला, की बाबांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं. तेव्हा कुठे हे धावत आले."

काका मूळचे नागपूरचे. रसायनशास्त्र शिकून शिष्यवृत्तीवर जर्मनीत आले आणि इथे लुडविग्सहाफेनच्या अवाढव्य कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली. फोन उचलताना "जय भीम", ठेवताना "च्यूस", आणि मधलं सगळं नागपुरी. निर्णयाबद्दल कुणी छेडलं तर ते शांतपणे म्हणतात, "घेणं हे एक टोक, न घेणं हे दुसरं टोक. आपण मध्यम मार्गवाले, बेटा. विचार करत राहणं, हा मध्यम मार्ग." मी एकदा म्हणाले, की तथागतांना हे अभिप्रेत नसावं. "विचार करून सांगतो," म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. नियमांच्या बाबतीत मात्र त्यांना विचार करावा लागत नाही. जर्मन माणसं नियम पाळतात, काका नियमांची सेवा करतात. रस्ता चारी दिशांना रिकामा असो, धो धो पाऊस कोसळत असो, सिग्नलला लाल माणूस दिसतोय तोवर काका फुटपाथवरून पाय खाली ठेवणार नाहीत, आणि तुम्ही ठेवलात तर घर येईपर्यंत तुमच्याशी बोलणार नाहीत.

हे वळण त्यांना लावलं तळमजल्यावरच्या हेर्र, म्हणजे श्रीयुत, फोग्ट यांनी. हे काकांचे प्रयोगशाळेतले साहेब. एक थेंब जास्त पडला तर अख्खा प्रयोग पुन्हा करायला लावणारे. दोघंही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण एकमेकांना अजून जर्मन भाषेतलं 'अहो-जाहो'च चालतं. दर रविवारी सकाळी हे दोघं सायकली काढून ऱ्हाईनच्या बांधावरून पलीकडच्या गावापर्यंत जायचे, तिथे कॉफी प्यायचे, प्लमचा केक खायचे आणि परत यायचे. जाताना वाद, येताना वाद. पाणी चढलंय की उतरलंय, समोरचा पक्षी बगळा की करकोचा, केक गेल्या खेपेपेक्षा कोरडा आहे की नाही. मधल्या मजल्यावर आम्ही राहतो, त्यामुळे रविवारी या वादाची सुरुवातही आमच्या खिडकीखाली व्हायची आणि समारोपही.

मग हेर्र फोग्ट यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या गुडघ्याचीही झाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की रस्त्यावरची सायकल आता बंद. घरातल्या घरात बसून पाय हलवले तर हरकत नाही. त्यानंतरच्या रविवारी खिडकीखाली काही ऐकू आलं नाही. काका एकटे जात नाहीत आणि हेर्र फोग्ट खुर्चीतून उठत नाहीत, असे कितीतरी रविवार गेले. काकू एकदा जिन्यात थांबून म्हणाल्या, "हे दोघं असेच बसून राहिले ना, तर एक खाली वाळेल आणि एक वर." अशात काकांना एका दुकानात ती सायकल दिसली. जागच्या जागी पक्की बसवलेली, आणि सोबत डोळ्यांवर चढवायचा, घोड्याच्या झापडांसारखा जाडजूड चष्मा. चष्मा लावून पायडल मारलं की समोर डोंगर, नद्या, गावं, खरोखरीची वाटावीत अशी. पडायची भीती नाही. काका धावत माझ्याकडे आले. "पाहा बेटा, हेर्र फोग्टना घरातच रविवार आणून देता येते." मी म्हणाले, "मग घ्या ना." माझं चुकलंच. काका एकदम गंभीर झाले. "घाई नको," म्हणाले.

पुढचे काही महिने ती सायकल घ्यावी की न घ्यावी, या एका प्रश्नाने आमची इमारत व्यापून टाकली. काकांनी बेकरीतल्या बाईंचं मत घेतलं. धुराडी साफ करायला आलेल्या माणसाचं घेतलं. विमा एजंटला विचारलं, की चष्म्यातल्या रस्त्यावर चष्म्यातल्या माणसाला धडक बसली तर भरपाई कुणी द्यायची; आणि एजंटही जर्मन असल्यामुळे, चौकशी करून कळवतो म्हणाला. आमच्या लेकीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमधून देते. तिने वहीतून मान वर न करता सांगितलं, "काउफ डोख आइनफाख." म्हणजे, सरळ विकत घेऊन टाका. "आइनफाख असं या जगात काही नसते, बेटा," काका म्हणाले आणि माझा चहा पिऊन वर गेले. दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्याला त्यांनी विचारलं, घंटी आहे का, मध्येच थांबून पक्षी पाहता येतो का, शेजारी शेजारी जाता येतं का. विक्रेता उत्साहाने म्हणाला, तुम्ही जगभरच्या लोकांबरोबर सायकल चालवू शकता. "मला जगाचं काय करायचं आहे?" काका म्हणाले. "मला हेर्र फोग्ट पाहिजेत." खाली हेर्र फोग्ट मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालले होते. शेवटी काकूंनी आवाज चढवला. "अहो, त्यांचं वय काय, तुमचा वेग काय. तुमचा विचार होईपर्यंत ते राहायला हवेत ना."

त्या शनिवारी मी दोघांना गाडीत घालून चाचणी फेरीसाठी दुकानात नेलं. हेर्र फोग्ट इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. काका हेल्मेट, पाण्याची बाटली आणि अंधारात चमकणारं पिवळं जाकीट अशा थाटात होते, आणि दुकानात दिवसाढवळ्या दिवे लागलेले होते. आधी काका चढले. चष्म्यात डोंगरातला रस्ता सुरू झाला. पहिल्या वळणाला काकांनी नियमाप्रमाणे डावा हात बाहेर काढला आणि पायमोज्यांचा अख्खा स्टँड आडवा केला. मग उतार लागला असावा, कारण काकांचा चेहरा पांढरा पडला, मग हिरवट झाला, आणि ते विक्रेत्याला मिठी मारूनच खाली उतरले. "डोळे आल्प्समध्ये," जमिनीवर बसून ते म्हणाले, "आणि पोट लुडविग्सहाफेनमध्ये. जमत नाही बाप्पा." मग हेर्र फोग्ट चढले. त्यांना चष्म्याने काही झालं नाही. उलट समोर काय दिसलं कोण जाणे, त्यांचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं. पण गुडघे थोडेसे फिरले आणि थांबले. पायडल थांबलं की रस्ताही थांबतो. कुठल्यातरी कुरणाच्या मधोमध ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग चष्मा काढून त्यांनी विक्रेत्याशी हस्तांदोलन केलं, आभार मानले आणि "ना या" म्हणाले. म्हणजे, चालायचंच. परत येताना गाडीत दोघंही खिडकीबाहेर बघत होते. पाण्यावरूनसुद्धा वाद झाला नाही. मला फार वाईट वाटलं.

दोनेक दिवसांनी काका सकाळीच दारात उभे. "चष्मा आणि पायडल वेगवेगळे आहेत ना?" मी हो म्हणाले. "मग दोन्ही एकाच माणसाने वापरायचं, असं कुठे आहे?" माझ्या उत्तराची वाट न बघता ते जिना उतरले, आणि दुपारी सायकल घरात. कुणाचं मत नाही, चौकशी नाही, डुलकी नाही. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

आता दर रविवारी तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात ही वरात निघते. हेर्र फोग्ट खिडकीजवळच्या आरामखुर्चीत डोळ्यांवर चष्मा चढवून बसतात. शेजारी काका हेल्मेट घालून भिंतीकडे तोंड करून पायडल मारतात. आमच्याकडे याला आंधळ्या-पांगळ्याची जोडी म्हणतात, पण काका म्हणतात डबलसीट. नागपूरला कॉलेजात असताना मित्राला असंच न्यायचो, म्हणतात, फक्त तो मागे बसायचा आणि हे पुढचं बघतात. खुर्चीतून "डावीकडे" असा हुकूम आला की काका भिंतीला डावा हात दाखवतात. पक्ष्यांवरून पुन्हा वाद होतो, आणि काकांना पक्षी दिसत नसतानाही होतो. गाव आलं की काका विचारतात, "सिग्नल?" खुर्चीतून उत्तर येतं, "ग्र्यून." हिरवा. दर वेळी हिरवाच. "हे कसं शक्य आहे?" काका मला जिन्यात गाठून म्हणाले. "एक थेंब जास्त टाकू न देणारा माणूस, आणि खुशाल लाल तोडून राहिला. माझ्या पायांनी." पण त्यांनी पायडल थांबवल्याचं काही मी ऐकलेलं नाही.

परवाच्या रविवारी प्लमचा केक घेऊन मी खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. हेर्र फोग्ट यांची मान छातीवर कलली होती, चष्मा तसाच होता, आणि श्वास संथ चालला होता. गेल्या हिवाळ्यापासून ते असे बसल्या बसल्या झोपतात, दर खेपेला जरा अधिक वेळ. मी काकांना खुणेने विचारलं, थांबता का? त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाय अगदी हळू, पण चालूच होते. "थांबलो तर रस्ता थांबेल," ते कुजबुजले. "जाऊ दे त्यांना अजून थोडं." खिडकीतून ऊन आत आलं होतं. काकांचा शर्ट पाठीवर घामाने चिकटला होता, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट लावलेला होता. थोडं पायडल मारून त्यांनी सवयीने विचारलं, "बेटा, सिग्नल पाहा बरं."

चष्मा हेर्र फोग्ट यांच्या डोळ्यांवर होता. मला समोर फक्त भिंत दिसत होती.

"हिरवा आहे, काका," मी म्हणाले.