साकु, इन्नोंदु

आमच्या घरात ताटावर बसलेल्या माणसाने ‘साकु’ म्हटलं, म्हणजे कन्नडमध्ये ‘पुरे’ म्हटलं, तर ते कुणी मनावर घेत नाही. तुम्ही साकु म्हणायचं, ताटावर आडवा हात धरायचा, आणि अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, ‘इन्नोंदु’, अजून एक, असं म्हणत त्या हाताखालून भाकरी सरकवायची. सोलापुरात आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. शाळेत, बाजारात मराठी बोलायचं आणि उंबऱ्याच्या आत दोन्ही भाषांची मिसळ. माझा नवरा पुण्याकडचा. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणात तो बिचारा खरोखर साकु म्हणत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याला रजा टाकावी लागली.

माझा धाकटा भाऊ, ज्याला मी तम्मा म्हणते, त्याची बायको तापाने गेली. दवाखान्यात नेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून तो ताट समोर यायच्या आधीच साकु म्हणायला लागला. सुरुवातीला अव्वा नेटाने इन्नोंदु म्हणत राहिली. तो वाढलेली भाकरी तशीच ठेवून उठायचा. पुढे अव्वाने म्हणणंच सोडलं. तो साकु म्हणाला की ती हातातली भाकरी मुकाट्याने परत टोपलीत ठेवायची. मला ते बघवत नसे. आमच्या अव्वाने कुणापुढे हात टेकलेले मी तोवर पाहिले नव्हते.

तम्माचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एका दुपारी मी तिथे बसले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं. एक पट्टा गिऱ्हाइकाला बांधून देऊन तो गल्ल्यावर येऊन बसला आणि अगदी सहज, उद्या भाजी काय करायची असं विचारावं तसं, म्हणाला, “अक्का, मी नसलो तर दुकान इकून टाक. अव्वाला जमणार न्हाय.”

मी त्याच्यावर खेकसले. मी खेकसतेच, शाळेत भूगोल शिकवून तशी सवय लागली आहे. पण त्या दुपारनंतर मी नीट झोपले नाही. तो स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल, या भीतीने मला घेरलं होतं. डॉक्टरांच्या गोळ्या तो घेत होता, कारण मी समोर उभी राहून त्या घ्यायला लावायची. डॉक्टर म्हणाले होते, त्याला एकटं सोडू नका, जमलं तर हवापालट करा. आमच्या स्टाफरूममधली एक तरुण बाई पाठीवर सॅक टाकून हिमालयात जाऊन आली होती. राफ्टिंग, जंगल सफारी आणि वर डोंगरातला ट्रेक, सगळं एका फेरीत. तिने फोनवर फोटो दाखवले, आणि बुडणारा माणूस जे हाताला लागेल ते धरतो तशी मी ती सहल धरली. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांची नावं घालून टाकली. त्याला विचारलंसुद्धा नाही.

अव्वाने सॅकमध्ये कडक भाकऱ्या भरल्या. पापडासारख्या वाळवलेल्या या भाकऱ्या महिनाभर टिकतात. सोबत शेंगाचटणी. सहलीत जेवण मिळतं, असं मी सांगून पाहिलं. ती म्हणाली, तिकडच्या लोकांना काय कळतंय. निघताना तिने माझा दंड घट्ट धरला.

हृषीकेशच्या वर आम्हाला राफ्टमध्ये बसवलं. आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी येतं. त्या नदीत एका मिनिटात जेवढं पाणी माझ्यासमोरून गेलं, तेवढ्यात आमची गल्ली जन्मभर न्हाली असती. बरोबरची कॉलेजची पोरं किंचाळत होती, हसत होती. तम्मा वल्हं धरून गाईड सांगेल तसं करत होता. तिसऱ्या की चौथ्या खळाळात राफ्ट आडवी झाली आणि तो बाहेर फेकला गेला.

माझा भाऊ पट्टीचा पोहणारा आहे. लहानपणी मंद्रूपला मामाच्या विहिरीत तो काठावरून सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचा. म्हणूनच मी जे पाहिलं त्याने माझं काळीज थांबलं. लाइफ जॅकेटने त्याला वर धरलं होतं, पण तो हात मारत नव्हता. गाईडने फेकलेली दोरी त्याच्या खांद्यावर पडली, त्याने ती धरली नाही. आकाशाकडे तोंड करून तो नुसता वाहत होता. मी राफ्टच्या कडेवर पालथी पडून वल्हं पुढे केलं आणि ओरडत सुटले, “बा, तम्मा, बा!” ये, एवढंच मी म्हणत होते. पोरांना वाटलं, बाई घाबरून वडिलांना हाका मारतायत. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे मान वळवली आणि वल्ह्याचं टोक धरलं.

काठावर मी त्याला विचारलं, काय झालं होतं. तो म्हणाला, पाणी लई गार होतं. मी पुढे विचारलं नाही, कारण खरं उत्तर ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. तिथूनच सोलापूरची गाडी पकडावी असं मनात आलं. पण घरी नेऊन तरी काय करणार होते? घरी तेच ताट होतं आणि तोच आडवा हात होता.

जंगलात जीप तासन्‌तास उभी राहिली. हरणं ओरडली, गाईडने ओठावर बोट ठेवलं, आणि वाघ रस्ता ओलांडून गेला. अजूनही शाळेत कुणी विचारलं, वाघ दिसला का, की मी हो म्हणून टाकते. मी वाघ पाहिलेला नाही. त्या क्षणी मी भावाकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल, निदान भीती तरी, म्हणून मी वाट बघत होते. सगळी जीप श्वास रोखून एका बाजूला वळली होती आणि तो स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. मला त्याचा इतका राग आला की गदागदा हलवावंसं वाटलं, आणि लगेच रडू आलं.

मग ट्रेक. हिमालय मी वर्षानुवर्षं फळ्यावर रंगीत खडूने काढत आले आहे, तेव्हा त्याने मला कधी दम लावला नव्हता. इथे दहा पावलांवर छाती फुटायची. वरच्या मुक्कामाला निघालो त्या दिवशी दुपारी ढग खाली उतरले. पुढे एका पोराला उलट्या सुरू झाल्या. गाईड त्याला धरून पुढे गेला. जाताना सांगून गेला, पायवाट सोडू नका, मी त्याला तंबूत टाकून परत येतो. बाकीची पोरं आधीच वर पोचली होती, मागे आम्ही दोघंच राहिलो. मग गारा सुरू झाल्या. डोक्यावर, हातांवर, चेहऱ्यावर खडे मारल्यासारख्या. वाट पांढरी झाली. एका दगडावरून माझा पाय सटकला आणि घोटा मुरगळला. कशीबशी एका कपारीपाशी सरपटत गेले आणि बसले.

थंडीने माझे दात वाजत होते. बोटं वाकत नव्हती. समोर तम्मा उभा होता, गारा अंगावर घेत, पाय हलवायचं सुचत नसल्यासारखा. काळजी घ्यायला म्हणून मी त्याला आणलं होतं, आणि आता उठता मलाच येत नव्हतं. इतके दिवस आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी त्याला वाटेल ते बोलले. तू जेवत नाहीस, बोलत नाहीस, तू दुकानात ते वाक्य बोललास तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. तिकडे अव्वा ताटं मांडून रडते. तुला वाचवायला मी या दरिद्री डोंगरावर आले, आणि तुला वाचायचंच नाही. माझा आवाज फाटला. मग तोही उरला नाही. कपारीला डोकं टेकून मी म्हणाले, “साकु, तम्मा. मला आता साकु झालं.”

मी ते ताटावरचं म्हणाले नव्हते. मला खरोखर पुरे झालं होतं. गाईड आला नाही तरी चालेल, इथेच पडून राहू, असं वाटलं होतं.

 तो खाली बसला, सॅक उघडली आणि अव्वाचा डबा काढला. कडक भाकऱ्यांचा एव्हाना चुरा झाला होता. त्यातला मोठा तुकडा शोधून त्याने त्यावर चटणी घातली आणि माझ्या तोंडाशी धरला. मी मान हलवली. तो म्हणाला, “इन्नोंदु.”

मी आधी एकही घास खाल्लेला नव्हता, तरी अजून एक. मी तोंड उघडलं. तो तुकडे शोधत राहिला आणि दरवेळी तेच म्हणत भरवत राहिला. मग त्याने माझी सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली आणि माझा हात गळ्यात घेऊन मला उभं केलं. मी थांबले की म्हणायचा, इन्नोंदु, आणि मी एक पाऊल टाकायची. गाईड वाटेत भेटेपर्यंत आमचं बोलणं एवढंच झालं. मध्ये एकदा मात्र तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “अक्का, नदीत मी हातच मारलं न्हाईत.”

“म्हाईत हाय मला,” मी म्हणाले.

तो रडायला लागला. बायकोला पोचवून आला तेव्हाही तो रडला नव्हता. मी एका पायावर उभी राहून त्याला धरलं. पडले असते तर दोघंही घसरत गेलो असतो.

आम्ही सोलापूरला परत आलो तेव्हा ऊन तसंच होतं. माझ्या घोट्याला प्लास्टर होतं. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर चालू आहेत, आणि फोन वाजला की मी अजून हातातलं टाकून धावते. पहिल्या दिवशी अव्वाने दोघांना जेवायला बसवलं. तम्माने हात आडवा धरला आणि तो साकु म्हणाला. सगळं जसंच्या तसं. मला डोंगरावरच्या त्या कपारीत परत बसल्यासारखं झालं. अव्वा भाकरी घेऊन टोपलीकडे वळली.

“इन्नोंदु,” मी म्हणाले.

अव्वा जागच्या जागी थांबली. तम्माने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने ताटावरचा हात काढून घेतला. भाकरी त्याने अर्धीच खाल्ली. उरलेली अर्धी मी माझ्या ताटात घेतली.