मामानं औषध घेतलं म्हणे
‘ताई, काकानं औषध घेतलं,’ मामाचा पुतण्या प्रकाश फोनवर एवढंच म्हणाला. यवतमाळहून मी बाभुळगावाजवळच्या मळ्यातल्या बंगल्यावर पोचले तोवर पंचनामाही उरकला होता. उशाशी फवारणीच्या औषधाची बाटली, अंगणात माणसं आणि सगळ्यांच्या तोंडी एकच... कापसानं खाल्लं. हल्ली कापूसवाल्याच्या घरात विष निघालं की पुढचं कोणी विचारत नाही.

माझा मामा मात्र कापसाला शिव्या घालत मजेत जगणारा म्हातारा. मामी गेल्यावर वकिली सोडून मळ्यात आला, सोबतीला प्रकाशला घेऊन. तपकीर ओढून ओढून नाकाला वास येणं पार बंद झालेलं, तरी रोज भाजीला नावं ठेवायचा. बंगला आणि शेत प्रकाशला मिळेल असं मृत्युपत्र त्यानं करून ठेवलं होतं. दिवाळीत मात्र मला म्हणाला, ‘थो इकून टाकीन. तू ठेवशीन. पुढल्या हप्त्यात बदलून घेतो.’ प्रकाश दारातच उभा होता. तो हप्ता मामानं पाहिलाच नाही. आता मी तोंड उघडलं तर लोक म्हणणार, बाईचा शेतीवर डोळा आहे.

तेरवीला गेले. पंगतीत मन लागेना, म्हणून मामाच्या लाडक्या कालवडीला, चंद्रीला, पाहायला गोठ्यात गेले. खुंटा रिकामा होता.

‘चंद्री कुठं रे?’ मी अंगणात येऊन प्रकाशला विचारलं.

‘थे बी गेली. त्याच दिवशी. पोट फुगलं होतं.’

‘डॉक्टर बोलावला?’

‘कायले? पुरली बांधावर.’ प्रकाश पत्रावळी उचलत राहिला.

मामा ताटावर बसला की वरणात कालवलेला पहिला घास उठून चंद्रीला भरवायचा. मी हसले की म्हणायचा, ‘तिचं पहिले, मंग आपलं.’ स्वतःच्या हातानं विष कालवलं असतं, तर तो घास त्यानं तिच्या तोंडात घातला असता? माझ्या मामानं? त्याला ठाऊकच नव्हतं ताटात काय आहे... आणि ताट वाढणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. परवा पोलीस ठाण्यात तक्रार दिली. साहेब म्हणाले, ‘बाई, शेत तुम्हाला मिळणार होतं म्हणता. लोक काय म्हणतील?’ म्हणू देत. शेत नको, असं मी तिथंच लिहून दिलं. माझा मामा जीव देऊन गेला नाही, एवढंच मला सिद्ध व्हायला हवं आहे. उद्या चंद्रीला तपासायला बांध उकरणार आहेत. मी जाणार आहे. प्रकाशलाही बोलावलं आहे.