सुनेच्या आईचं झाड

झाड मीच सडवलं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला मोठी माळीण समजायला नको.

आम्ही तेलीबांध्याला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. सून जगदलपूरची. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. तिची आई वारली तेव्हा तिनं माहेराहून एकच वस्तू आणली. मोहाच्या फांदीचा हातभर तुकडा आणि त्यावर चढलेलं वांडा नावाचं ऑर्किड. आईनं वाढवलेलं. ते तिनं बाल्कनीत टांगलं आणि चार दिवसांनी ऑफिसच्या कामासाठी पंधरा दिवस दिल्लीला गेली.

जाडजाड पांढरी मुळं नुसती हवेत लोंबत होती. मला वाटलं, दुःखात पोरीला झाड लावायचंही भान राहिलं नाही. मी ते सोडवलं आणि कुंडीत काळी माती, शेणखत घालून चांगलं दाबून लावलं. रोज तांब्याभर पाणी घातलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला झाड म्हणजे मातीतच.

दहा-बारा दिवसांत पानं पिवळी पडली. भांडी घासणारी बाई बघून म्हणाली, "दाई, येला माटी म काबर गड़िया दे हस?"

"मग काय झाड हवेत लावतात?"

"हव," तिनं होकारार्थी मान डोलावली. तिच्या गावी हे झाडांच्या फांद्यांवरच राहतं म्हणे.

उपटलं तर मुळं शिजलेल्या शेवयांसारखी हातात आली. दोनच घट्ट उरली होती. मुलगा म्हणाला, "आई, नर्सरीत मिळते. दुसरं आणून देतो."

"तिची माय मिळते का नर्सरीत?" मी विचारलं.

सून आली. तिनं बॅग खाली ठेवायच्या आत मी सांगून टाकलं. तिनं झाड हातात घेतलं आणि उरलेली दोन मुळं बोटानं चाचपली.

"मम्मी, मुझे बताकर जाना था."

"तुही कायची चुकी? मीनं सडवलं."

तिनं मला ब्लेड आणून दिलं. सडकी मुळं मी कापली, कापल्या जागी हळद लावली. परकराच्या नाडीनं झाड पुन्हा त्याच लाकडावर बांधलं, फार आवळलं नाही. मग ती म्हणाली, "कल से पानी आप ही दीजिए."

तिच्या जागी मी असते तर सासूला बाल्कनीत पाऊल ठेवू दिलं नसतं.

तेव्हापासून रोज सकाळी पाणी देते. पांढरी मुळं भिजून हिरवी झाली की थांबते. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर झटकते, नाहीतर तिथून कुजतं. दुपारचं ऊन लागू नये म्हणून हिरवी जाळी बांधली आहे. मे महिन्यात कूलरजवळ टांगते, तिथं थोडी ओल असते. उरल्याच्या कारखान्यांकडची काळी धूळ पानांवर बसते, ती ओल्या फडक्यानं पुसते. एवढं तर मी माझ्या पोराचंही केलं नाही.

पहिलं वर्ष झाड नुसतं जिवंत राहिलं. पावसाळ्यात एका मुळाला हिरवं टोक फुटलं तेव्हा मी सुनेला हाक मारली. ती हातातली पोळी तव्यावर टाकून आली. पोळी करपली.

यंदा फुलांचा दांडा आला. तपकिरी चौकड्यांची फुलं, मध्ये जांभळी जीभ. दिसायला मोठी देखणी नाहीत, वास मात्र गोड. सुनेनं नाक लावलं आणि म्हणाली, "माँ के घर में यही खुशबू आती थी." लगेच तिनं वडिलांना फोन लावून फुलं दाखवली.

"पापा, ये तो मर ही गया था. मम्मी ने बचाया."

मेलं कोणामुळे होतं, ते तिनं सांगितलं नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवलं.